लुगड्याचं दुसरं टोक

माझ्या सासूनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय टाकला तो माझ्या धाकट्या जावेचा हात धरून. मी तिथून दहा पावलांवर उभी होते, दोघींच्या चपला हातात घेऊन. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही आणि पचावी अशी फारशी इच्छाही नाही.

आधी घर सांगते. आम्ही कारंजा तालुक्यातल्या कामरगावचे. माझं माहेर शेलूबाजार. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. घरची शेती आहे आणि रस्त्यावर नवऱ्याचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. दीर इंजिनीअर होऊन जर्मनीला गेला, तिकडेच नोकरीला लागला आणि पुण्याची मुलगी करून आला. त्यांना सहा वर्षांची एक मुलगी आहे. आमचा मुलगा अकोल्याला वसतिगृहात असतो. सासरे अकरा वर्षांपूर्वी गेले. म्हणजे घरात मी, नवरा आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामाजी म्हणायचे, आमच्याकडे तसंच म्हणतात. जाऊ त्यांना ‘आई’ म्हणते. वर्षातून आठ दिवस यायचं आणि आई म्हणायचं, त्याला काय लागतं?

जावाजावांची भांडणं सासू कुणी सांभाळायची यावरून होतात, असं सगळीकडे ऐकते. माझं उलटं आहे. मला माझी सासू कुणाला द्यायची नाही. माझी आई मी सातवीत असताना गेली. भाकर फुगवायला, तुरीची डाळ घरी करायला, नवऱ्याचा राग दोन दिवस न बोलता ओसरू द्यायला, सगळं मला आत्याबाईंनी शिकवलं. पहाटे पाच वाजता आम्ही दोघी चहा पितो. त्या वेळी घरात कुणी जागं नसतं आणि आम्हीही फारसं बोलत नाही. पण एकोणीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्याही गोष्टीला ‘मस्त’ म्हटलेलं मला आठवत नाही. एका दिवाळीला धाकटीनं खिचडी केली होती. गिच्च झाली होती. आत्याबाईंनी ती दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, मस्त झाली. त्या खिचडीचा मी अजून हिशेब धरून आहे.

तर दिराचा फोन आला की मे महिन्यात आम्ही सुट्टीला ग्रीसच्या क्रीट बेटावर जाणार आहोत, आईला समुद्र दाखवायचाय. आत्याबाई तोवर नागपूरच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. एकट्या येणं शक्य नव्हतं. नवऱ्याचा बियाण्याचा हंगाम, तो दुकान सोडून हलणार नव्हता. मग दीर मला म्हणाला, “वहिनी, तुम्ही पण या, आईला सोबत होईल.” सोबत हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नाही. मी आनंदात होते. शेलूबाजारला भावाला फोन करून सांगितलं, कारंज्याला जाऊन नवी बॅग घेतली, आणि गल्लीतल्या ज्या बायकांना सांगायची गरज नव्हती त्यांनाही सांगितलं.

सामान मीच भरलं. ठेचा, तिळाची चटणी, मुगवड्या, आत्याबाईंची पाच लुगडी. दिरानं बजावून सांगितलं होतं की बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणा, तिकडे आपल्या चिठ्ठीवर मिळत नाहीत. मी मोजून तीन महिन्यांच्या भरल्या. सात दिवसांच्या सुट्टीला तीन महिन्यांच्या गोळ्या कशाला, हे एखाद्या लहान लेकरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मी नव्या बॅगेचं कुलूप लावून बघण्यात गुंग होते.

लुगड्यांतलं एक हिरवं होतं, लाल काठाचं. ते आत्याबाईंनी वेगळं ठेवायला लावलं. घरी परत निघायच्या दिवशी नेसीन, असं त्या म्हणाल्या होत्या. हे लक्षात ठेवा.

दोन विमानं बदलून आम्ही पोचलो. रिसॉर्ट समुद्राला लागून होतं. पांढऱ्या भिंती, कुंड्यांत लाल फुलं, आणि खोलीतून बाहेर आलं की समोर निळं पाणी. पाणी इतकं निळं असतं यावर माझा विश्वास नव्हता, फोटोत रंग भरतात असं वाटायचं. पोचल्याबरोबर सगळ्यांच्या मनगटाला कागदासारखा निळा पट्टा बांधला. तो पट्टा असला की काय खायचं ते खा, कुणी विचारत नाही. आत्याबाईंच्या हातावर गोंदण आहे, तुळशीवृंदावन आणि त्याखाली ठिपके. त्या गोंदणाला लागून तो पट्टा बसला. त्यांनी तो जेवताना जपला, आंघोळीला जपला, तोंड धुताना भिजू नये म्हणून हात वर धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळूवर बसले होते. धाकटी आत्याबाईंना घेऊन कपडे बदलायच्या खोलीत गेली. मला वाटलं लुगडं खोचून देत असेल, आणि मनात आलं, तिला कुठं खोचता येतंय, मलाच बोलवतील. थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. अंगात जांभळ्या रंगाचा पोहायचा पोशाख, हात मनगटापर्यंत झाकलेले, खाली घोट्यापर्यंत विजार, डोक्याला टोपी. सत्तर वर्षांची बाई. मी एकोणीस वर्षांत त्यांना लुगड्याशिवाय बघितलं नव्हतं. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या आणि चपला काढून माझ्यासमोर ठेवल्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, “कायले लाजू? इथं मले कोन ओयखते?”

मी ओळखत होते ना. मी तिथंच बसले होते.

माझं डोकं का फिरलं ते सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी माहेरून आणलेला एक गाऊन घालून अंगणात पाणी भरायला आले होते. सुती, फिक्कट गुलाबी, गळ्याला पांढरी लेस. आत्याबाईंनी दारातून बघितलं आणि म्हणाल्या, “हे घालून आंगनात नोको येत जाऊ.” एवढंच. मी आत गेले, साडी नेसले आणि तो गाऊन ट्रंकेच्या तळाशी गेला. पुढे त्याची फरशी पुसायची फडकी झाली. आमच्या गावात आता सगळ्या सुना गाऊनवर दळण आणायला जातात, वर नुसता एक टॉवेल टाकतात. माझ्याच्यानं झालं नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत मी साडी नेसून चुलीसमोर बसले, कारण आत्याबाईंना आवडत नाही. आणि त्याच आत्याबाई धाकटीनं एकदा म्हटल्याबरोबर जांभळी विजार घालून पाण्यात निघाल्या. पाण्याला हात जोडले, कनवटीचा रुपया आत टाकला, कनवट नसल्यानं तो धाकटीनं मुठीत धरून आणला होता, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन खदखदून हसल्या. ते हसू मी घरी ऐकलेलं नव्हतं. मी जळले. दुसरा शब्द नाही.

त्याच दुपारी जेवताना दीर मला म्हणाला की वहिनी, तुमचं परतीचं तिकीट रविवारचं आहे, विमान बदलताना मदतीला माणूस सांगून ठेवलाय, काळजी करू नका. मी म्हटलं, माणूस कशाला, आम्ही दोघी आहोत की. तो ताटात बघायला लागला. मग धाकटीनं सांगितलं की आई आमच्याबरोबर जर्मनीला येताहेत, तीन महिने, व्हिसा तेवढाच आहे. ताई, तुम्हाला माहीत नव्हतं का, असंही वर विचारलं. माहीत सगळ्यांना होतं. नवऱ्याला होतं. त्यानं मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी बॅग भरली नसती, आणि ते खरं आहे. आत्याबाईंना तर होतंच. त्या कलिंगडाच्या बिया काढत होत्या. वर बघितलं नाही.

म्हणजे मी पोचवायला आले होते. भावजय माहेरवाशिणीला स्टँडवर सोडायला येते, तसं.

त्या दुपारी मी खोलीत जाऊन रडले, मग तोंड धुतलं आणि ठरवलं की रविवारपर्यंत चार दिवस आहेत, या चार दिवसांत आत्याबाईंचं मन फिरवायचं. त्यांनी हिरवं लुगडं नेसायचं आणि माझ्याबरोबर परत यायचं. पहाटे पाचचा चहा मी एकटीनं पिणार नव्हते.

मन फिरवायचं तर त्या जवळ तरी बसायला पाहिजेत. दिवसभर सगळे समुद्राकाठी आडव्या खुर्च्यांवर पडलेले असायचे. गवताच्या छत्रीखाली दोन खुर्च्या, मग पुढची छत्री, पुन्हा दोन. पहिल्या दिवशी आत्याबाईंच्या शेजारी धाकटी होती आणि मी मागच्या रांगेत, दिराच्या लेकीला सांभाळत. मला पाच वाजता जाग येतेच. बुधवारी मी उजाडताना बाहेर आले तर एक गोरं म्हातारं जोडपं पुढच्या रांगेतल्या खुर्च्यांवर टॉवेल पसरत होतं. पसरले आणि निघून गेले झोपायला. मी उभी राहून बघितलं आणि त्या बेटावर पहिल्यांदा मला हसू आलं. कारंज्याच्या स्टँडवर एसटी लागली की काय करतात? खिडकीतून दस्ती टाकतात. आमच्याकडे रुमालाला दस्ती म्हणतात. दस्ती टाकली की जागा आपली, मग सावकाश मागून चढायचं. इतक्या लांब येऊन, असल्या माणसांमध्ये, मला येणारी एक तरी गोष्ट निघाली.

मी माझी दस्ती आणि आत्याबाईंची दस्ती आणली आणि पुढच्या रांगेत एका छत्रीखालच्या दोन खुर्च्यांवर टाकली. वर उडू नये म्हणून एकेक गोटा ठेवला. धाकटीची सोय मी मागच्या रांगेत, तिसऱ्या छत्रीखाली, उन्हाच्या बाजूला केली होती. हा चांगुलपणा नव्हता हे मला तेव्हाही कळत होतं.

नाश्ता करून आलो तर आमच्या खुर्च्यांवर एक जाड माणूस आणि त्याची बायको तेल लावून पडले होते. खुर्च्या सांभाळणारा एक पिकल्या मिशांचा माणूस होता. त्यानं टॉवेल तसेच राहू दिले होते आणि आमच्या दस्त्या मात्र कुणीतरी विसरल्या असतील म्हणून घडी करून हरवलेल्या वस्तूंच्या टेबलावर ठेवल्या होत्या, एका बाळाच्या बुटाशेजारी. दस्तीनं जागा अडते हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी त्याला खुणेनं समजावायचा प्रयत्न केला. तो हसला आणि मला दस्त्या परत दिल्या. आत्याबाई तोवर धाकटीबरोबर झाडाखाली जाऊन बसल्या होत्या आणि दोघी मोबाइलमध्ये काहीतरी बघत होत्या.

मला त्या झाडाचाही राग आला.

गुरुवारी माझी जागा गेली ती गेलीच. धाकटीनं आत्याबाईंना पाण्यावर उताणं तरंगायला शिकवलं. पाठीखाली हात धरला, मग हळूच काढला. आत्याबाई तरंगल्या. दिरानं व्हिडिओ घेतला आणि आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. नवऱ्यानं खाली टाळ्यांचं चित्र पाठवलं. मी त्याला त्या दिवशी फोन केला नाही. संध्याकाळी जेवताना मी आत्याबाईंच्या ताटात ठेचा वाढला तर म्हणाल्या, आज नको, इथलं खाऊन पाहू दे. ठेचा मी माझ्या हातानं कुटला होता, त्यांना लागतो तसा, लसूण जास्त घालून.

शुक्रवारी पहाटे मी त्यांच्या कपाटातून हिरवं लुगडं काढलं. विचारलं नाही. नुसत्या दस्तीला ही माणसं मानत नाहीत ना, मग नऊवार बघू देत. ते घेऊन मी पाण्याकाठी गेले आणि एका टोकापासून पसरत निघाले. चार खुर्च्या भरल्या. पहिली माझी, दुसरी आत्याबाईंची, तिसरी पोरीची, चौथी दिराची. धाकटीसाठी पाचवी शिल्लक नव्हती. टोकाला गोटे ठेवले. पिकल्या मिशांच्या माणसानं लांबून बघितलं, जवळ आला, लाल काठावरून बोट फिरवलं आणि निघून गेला. मी जिंकले होते.

वारा दुपारी सुटतो एवढं मला कळलं होतं. त्या दिवशी तो सकाळीच सुटला. आम्ही नाश्ता करून जिन्यावरून खाली येत होतो, तेवढ्यात लुगडं मधून फुगलं, गोटे गडगडले आणि ते उभंच्या उभं वर उठलं. माणसं ओरडत बाजूला झाली. ते छत्र्यांवरून गेलं, एकदा वाळूला टेकलं, पुन्हा उचललं गेलं आणि पाण्यावर जाऊन पडलं. लाल काठ काही वेळ दिसत होता, मग लाटेनं ते आत ओढलं.

मी धावले. पाणी घोट्याला लागलं आणि मी थांबले. मला पोहता येत नाही. माझ्या शेजारून धाकटी गेली, अंगावरच्या कपड्यांनिशी, आणि सरळ पाण्यात शिरली. ती किती लांब गेली ते मला सांगता येणार नाही, मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा ती लुगड्याचा पदर दातात धरून परत येत होती. बाहेर आली, धापा टाकत वाळूवर बसली आणि मला म्हणाली, “मिळालं, ताई.” मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी तिला परत पाण्यात ढकलावंसं वाटलं. लुगडं मी आणलं होतं आणि वाचवलं तिनं. आता आत्याबाईंच्या मनात काय येईल ते मला दिसत होतं.

आत्याबाई रागावल्या नाहीत. लुगडं इथं कसं आलं, असंही विचारलं नाही. त्यांनी खुर्च्यांकडे एकदा बघितलं, चौथ्या खुर्चीवर राहिलेला गोटा बघितला, आणि त्यांना सगळं समजलं असावं. लुगडं गोड्या पाण्याच्या नळाखाली नेऊन त्यांनी स्वतः खळबळलं, मीठ काढलं, पिळलं, आणि म्हणाल्या, “घ्या वं पोरीहो, टोकं घ्या.”

हे आमचं नदीवरचं काम आहे. पर्वणीला नदीवर नहाणाला गेलो की ओलं लुगडं दोघींनी दोन टोकांना धरायचं आणि वाऱ्यावर उभं राहायचं. दोरी लागत नाही, जागा लागत नाही, पाऊण तासात सुकतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आत्याबाईंनी मला हे शिकवलं. दुसरं टोक नेहमी त्या धरत. धाकटीला हे ठाऊक नव्हतं. तिनं टोक दोन बोटांत धरलं, तर आत्याबाईंनी जाऊन तिच्या मुठीत काठ गुंडाळून दिला, कोपर अंगाला लावायला सांगितलं, आणि मग माझ्याकडे येऊन उभ्या राहिल्या. माझ्या आणि धाकटीच्या मध्ये नऊवार हिरवं लुगडं फडफडत होतं. लोक फोटो काढत होते. वाऱ्याच्या आवाजात धाकटीला आमचं काही ऐकू जाणार नव्हतं.

“तुले माहा राग आला,” आत्याबाई म्हणाल्या.

“नाई.”

“आला. तुह्या नाकावर दिसून राह्यला.”

मग माझ्या तोंडून निघालं. काय निघावं? ना जर्मनी निघाली, ना तीन महिने. मी म्हटलं, “मले एक गाऊन घालू नाई देला तुमी. एकोनीस वर्स.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोनता गाऊन?”

त्यांना आठवतही नव्हतं. मी रंग सांगितला, लेस सांगितली, पाणी भरायची वेळ सांगितली. त्या जांभळ्या पोशाखात, डोक्याला टोपी, कमरेवर हात ठेवून आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी तुहे मामाजी बाजेवर बसले होते, दोन पाव्हने घिऊन. म्हनून म्हटलं. ते जाऊन बी आता अकरा वर्स झाले.”

“मंग सांगतलं काहून नाई?”

“तू इचारलंच नाई. भाजी कोनती करू ते रोज इचारलं.”

मी टोक घट्ट धरलं. हातून सुटलं असतं तर लुगडं पुन्हा पाण्यात गेलं असतं, एवढंच मला त्या वेळी कळत होतं. थोड्या वेळानं मी विचारलं की मी काय कमी केलं.

“काईच कमी नाई केलं,” त्या म्हणाल्या. “पन घरी मी सासू हाओ. सकायी उठलो का सासू, निजलो का सासू. तू इचारते, गडी इचारते, गावातले इचारते. हिच्यापाशी मी पाव्हनी हाओ. मले तीन महिने पाव्हनी राहू दे.”

मला वाटत होतं त्यांना धाकटी जास्त आवडते. तसं असतं तर सोपं होतं, मी भांडले असते. त्यांना आमच्या घराचाच थकवा आला होता, आणि त्या घरात रोज पहाटे पाचला चहाचा कप पुढे करून आज काय करू म्हणून विचारणारी मीच होते.

लुगडं सुकलं. घडी घालायची तर एकीनं जागेवर उभं राहायचं असतं आणि दुसरीनं चालत येऊन आपलं टोक तिच्या हातात द्यायचं असतं. जिच्या पिशवीत लुगडं जायचं, ती बाई उभी राहते. नदीवर नेहमी मी उभी राहायचे आणि आत्याबाई चालत यायच्या. मी वाट बघितली की त्या काहीतरी सांगतील. मग मीच चालत गेले. नऊवार काही लांब नसतात, पण मला वेळ लागला. मी माझं टोक धाकटीच्या हातात दिलं आणि तिला चार घड्या कशा घालायच्या ते दाखवलं. काठावर काठ आला पाहिजे, नाहीतर आत्याबाईंना चालत नाही, हेही सांगितलं. सांगायला नको होतं, स्वतःच शिकली असती.

त्या संध्याकाळी धाकटी आणि मी दोघीच बसलो होतो. मी तिला विचारून टाकलं की तुला कधी माझा हेवा वाटतो का. मला वाटलं होतं ती म्हणेल, हो ताई, आई फोनवर सारखं तुमचंच नाव घेतात. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, “नाही हो ताई, कशाला?” इतक्या मनापासून म्हणाली की माझा राग दुप्पट झाला.

शेवटच्या दिवशी पहाटे मी एकटी पाण्यात गेले. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. कुणाचा हात धरला नाही. पाणी चांगलंच गार होतं आणि मला ते आवडलं. विमानतळावर आत्याबाई हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. घडीच्या खुणा सरळ होत्या, काठावर काठ होता. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला, बीपीच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते विचारलं आणि दिराच्या लेकीचं बोट धरून दुसऱ्या दाराकडे गेल्या. मनगटावरचा निळा पट्टा त्यांनी काढला नव्हता.

घरी आल्यावर चार-पाच दिवस मी पहाटे दोन कप चहा केला. दुसरा नवऱ्याला उठवून पाजला. त्यानं तो संपवला, चूक त्याची होती. व्हिडिओ कॉल रोज येतो. त्या बाल्कनीत बसलेल्या असतात, मागे झाडं असतात, आणि मी काय भाजी केली ते त्या विचारतात. मी सांगत नाही. म्हणते, पाहुण्यांनी विचारू नये.

मागच्या आठवड्यात मी कारंज्याला गेले आणि बाजारातल्या एका दुकानातून गाऊन घेतला. दुकानदार चाचांना मी लहान असल्यापासून ओळखते, शेलूबाजारच्या बाजाराला ते कापडाचे गठ्ठे घेऊन यायचे. त्यांनी विचारलं, “सासूबाईसाठी पन दाखवू का?” मी नको म्हटलं. आत्याबाईंना तिकडे मिळाला असेलच, पुण्याच्या पसंतीचा.

परतीची कामरगावची एसटी लागली तेव्हा मी सवयीनं खिडकीतून दस्ती टाकली. चढून बघते तर दस्ती दोन माणसांच्या बाकड्यावर, मधोमध पडलेली. मी खिडकीशी बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि दस्ती शेजारच्या जागेवर पसरून ठेवली. गाडी भरत गेली. धनजला उतरणारी एक बाई, हातात दोन पिशव्या, येऊन उभी राहिली आणि विचारलं, “कोनी हाय काय इथं?”

“हाय,” मी म्हटलं.

“कुठी गेली?”

“यायची हाय.”

कंडक्टरनं घंटी दिली, गाडी स्टँडबाहेर निघाली. त्या बाईनं मागच्या दाराकडे एकदा बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं दस्ती उचलली, नीट घडी करून माझ्या हातात दिली आणि शेजारी बसली.